फ्रिगेट नौकांचे सुटे भाग पुरवायचेत? गावाकडच्या वर्कशॉपसाठी नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या तीन फ्रिगेट युद्धनौका २०१० ते २०१२ या काळात नौदलात आल्या. त्यांतली ‘सातपुरा’ म्हणजे आपल्या मेळघाटातला सातपुडाच. त्यांच्या एलएम-२५०० गॅस टर्बाइनच्या भागांच्या वाटेला जाऊ नका, ते लहान कारखान्याचं काम नव्हे. बुश, ग्लँड, फ्लँज, व्हॉल्व्हचा स्पिंडल, झिंक अॅनोड (नौकेच्या पोलादाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा) हे मात्र जिनिंगची दुरुस्ती करणाऱ्या हिंगणघाट-वणीकडच्या लेथवाल्यांना नक्की जमतं.

पहिलं पाऊल उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅन लागतं, शुल्क काहीच नाही. एजंटाला पैसे देऊ नका. अर्जात ‘उत्पादन’ निवडा. हार्डवेअरचं दुकानही आहे म्हणून नुसतं ‘व्यापार’ टाकलं, की सरकारी खरेदीतल्या सवलती गेल्या. बयाणा रकमेची (निविदेसोबतच्या अनामतीची) माफी सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच मिळते, मध्यमला नाही.

नंतर संरक्षण उत्पादन विभागाचं ‘सृजन’ पोर्टल. ऑगस्ट २०२० पासून तिथे आयात होणाऱ्या वस्तूंची यादी असते. नौदलाच्या वस्तू पाहून जमेल त्यावर इच्छा नोंदवा. ही नोंद म्हणजे ऑर्डर नव्हे. निविदा जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) किंवा ई-प्रोक्युरमेंट (ऑनलाइन निविदांचं पोर्टल) यावर भरावी लागते, आणि ई-प्रोक्युरमेंटला क्लास-३ डिजिटल सही हवी. तिची मुदत आधीच तपासा, शेवटच्या दिवशी नवी मिळत नाही.

जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, तीन वर्षांची विवरणपत्रं, वीजबिल, यंत्रांची यादी आणि जागेचा पुरावा (गावठाणात असाल तर नमुना आठ) एकाच फाइलमध्ये ठेवा. आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि पॅनवर ‘विठ्ठल’ असेल, तर आधी ते दुरुस्त करा. अर्ज इथेच अडकतो. मायक्रोमीटर आणि व्हर्नियरचे कॅलिब्रेशन दाखलेही लावा, क्षमता पाहायला येणारे ते मागतात.

माल नापास होतो तो बहुतेक धातूमुळे, मापामुळे कमी. गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) मागितलं आणि पितळ दिलं, तर खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिजून जातं. नट गुलाबी आणि पोकळ होतो, पान्याखाली चुरतो. झिंक अॅनोडचं त्याहून नाजूक. नौदली दर्जाच्या जस्तात लोखंड ०.००५ टक्क्याहून जास्त चालत नाही, कारण जास्त झालं की अॅनोडवर थर धरतो, तो झिजायचा थांबतो आणि नौकेचं पोलाद गंजू लागतं. आणि आपल्याकडे जस्त वितळवतात लोखंडी कढईत! तेच लोखंड जस्तात उतरतं. म्हणून ग्राफाइटची मूस वापरा, ढवळायची सळईही लोखंडी नको.

प्रत्येक ओतीचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवालावरचा हीट नंबर (त्या ओतीचा क्रमांक) आणि मालावर ठोकलेला नंबर एकच असला पाहिजे. तो ठोका यंत्रकामात निघून जाणार नाही अशा जागी.