सीझन बॉल घेताना काटा, दोरा आणि शिवण

डब्यातून नुकताच काढलेला कुठलाही सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा कातडी बॉल, चकाकतोच. ती चकाकी वरच्या लॅकरची, म्हणजे चमकदार लेपाची. काही षटकांत ती जाते, आणि खालचं कातडं कसं आहे हे तिच्यावरून काही कळत नाही. बॉल पारखायचा तो वजनावर, घेरावर आणि शिवणीवर.

नियमाप्रमाणे पुरुषांच्या सामन्यातला नवा बॉल 155.9 ते 163 ग्रॅम वजनाचा आणि 22.4 ते 22.9 सेंटिमीटर घेराचा हवा. म्हणजे मुभा वजनात जेमतेम सात ग्रॅमची आणि घेरात अर्ध्या सेंटिमीटरची. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर वजन करून घ्या, प्रश्नच मिटला. नाहीतर एका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालतो. घेरासाठी न ताणणारा बारीक दोरा गुंडाळावा आणि तो पट्टीवर मोजावा. दोरा शिवणीच्या कडेने फिरवू नये, शिवण उंच असल्यामुळे माप फुगतं. शिवणीला छेदून तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजावं. तीन मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला, तर तो बॉल मुळातच गोल नाही.

गोलाई बिघडते ती बहुधा आतून. चांगल्या बॉलच्या मध्यभागी बुचाचा गाभा असतो आणि त्यावर लोकरीचा धागा ताणून गुंडाळलेला असतो. गुंडाळणी सैल असली की फटके खाऊन बॉल एका बाजूला दबतो. गाभा मधोमध आहे का, हे सपाट फरशीवर कळतं. शिवण आडवी ठेवून बॉलला हलकेच धक्का द्या, असं चार-पाच वेळा करा. दरवेळी तीच बाजू वर येत असेल, तर वजन एकीकडे झुकलंय.

आता कातडं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, बॉलचं मात्र तुरटीने. तुरटीचं कातडं आतून पांढरं राहतं, त्यावर लाल रंग छान चढतो. पण तुरटी पाण्याने धुऊन जाते, आणि मग वाळलेलं कातडं पापडासारखं कडक होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, किंवा दव असलेल्या गवतावर, बॉल पाणी पिऊन जड होतो तो वेगळाच. भिजलेला बॉल उन्हात ठेवू नये. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवावा.

तुकडे किती, हे दुकानदाराला विचाराच. टू-पीस बॉलमध्ये प्रत्येक वाटीसाठी, म्हणजे बॉलच्या अर्ध्या भागासाठी, एकच तुकडा ओढूनताणून बसवतात, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. नेट्सवर तो चालून जातो, आणि स्वस्तही पडतो. सामन्यासाठी फोर-पीसच घ्यावा. त्यात दोन तुकडे जोडून एक वाटी होते. हे आतले जोड बोटाला जाणवता कामा नयेत, आणि एका वाटीचा जोड दुसऱ्याशी काटकोनात यावा. दोन्ही जोड एका रेषेत दिसले तर दुसरा बॉल मागा.

मधल्या शिवणीत टाक्यांच्या सहा रांगा असतात. मेरठच्या एसजी आणि इंग्लंडच्या ड्यूक्स या कंपन्यांच्या कसोटी बॉलमध्ये सहाही रांगा हाताने शिवतात. ऑस्ट्रेलियाच्या कूकाबुरामध्ये आतल्या दोन हाताने आणि बाहेरच्या चार यंत्राने. म्हणूनच कूकाबुराची शिवण लवकर दबून सपाट होते. शिवण एवढी महत्त्वाची का? ती तिरकी धरून बॉल टाकला की शिवणीच्या बाजूची हवा खवळते आणि बॉलच्या पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते. गुळगुळीत बाजूची हवा मात्र आधीच सुटते. या फरकामुळे बॉल शिवणीच्या दिशेला वळतो. टाके वर-खाली असतील तर हा खेळ जमत नाही. अंगठ्याचं नख शिवणीवरून पूर्ण फिरवा. कुठे अडकलं, कुठे टाका सैल लागला, की तो बॉल परत डब्यात.

तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी वरचं पुरुषांचं माप लावू नका. त्यांचा बॉल 133 ते 144 ग्रॅमचा आणि 20.5 ते 22 सेंटिमीटर घेराचा असतो, महिलांचा 140 ते 151 ग्रॅमचा. डब्यावर नुसतं 'ज्युनिअर' छापलेलं असलं तरी काट्यावर घालून बघाच.