परीक्षा पर्यवेक्षण (सोलापूर जिल्हा)

परीक्षा पर्यवेक्षण म्हणजे मंडळाची किंवा राज्यपातळीवरची लेखी परीक्षा चालू असताना वर्गातल्या प्रत्येक परीक्षार्थीला सारखा वेळ, सारखी शांतता आणि सारखेच नियम मिळतात की नाही हे पाहण्याचे काम. ते करणारा शिक्षक म्हणजे पर्यवेक्षक. शाळेच्या बोलण्यात ‘सुपरव्हिजन लागलं’ म्हणतात ते हेच. कॉपी पकडणे हा या कामाचा एक भाग आहे, आणि ज्या वर्गात सुरुवातीची दहा मिनिटे नीट जातात तिथे तो फारसा उरतही नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो. बारावीची परीक्षा साधारण फेब्रुवारीत आणि दहावीची त्यानंतर सुरू होते. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुक्यांतल्या केंद्रांवर एकच प्रश्नपत्रिका एकाच वेळी उघडली जावी लागते. त्यासाठी प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे परिरक्षकाच्या, कस्टडीत सीलबंद ठेवलेली पाकिटे रनर, म्हणजे ने-आण करणारा माणूस, केंद्रावर आणतो आणि केंद्राचा प्रमुख असलेला केंद्रसंचालक ती वर्गावर पाठवतो. शेवटचा माणूस पर्यवेक्षक. साखळी वरून कितीही भक्कम असली तरी मुलांना दिसतो तो एवढाच.

एका वर्गात, म्हणजे ब्लॉकमध्ये, सहसा पंचवीस परीक्षार्थी असतात आणि प्रश्नपत्रिकांचे पाकीटही पंचवीसचेच असते. सकाळच्या सत्रात मुलांनी साडेदहालाच केंद्रावर हजर राहायचे असते. उत्तरपत्रिका वाटल्यावर बैठक क्रमांक लिहिणे सुरू होते: आधी एक इंग्रजी अक्षर, मग सहा अंक, हाच क्रमांक पुन्हा अक्षरांतही लिहायचा. घाबरलेल्या मुलाच्या चुका इथे होतात. हॉल तिकीट शेजारी असूनही दोन अंक उलटे पडतात, बारकोड तिरका चिकटतो. चांगला पर्यवेक्षक या वेळी टेबलाजवळ बसत नाही. तो बाकाबाकावर जातो, हॉल तिकिटावरचा क्रमांक बोट ठेवून जुळवतो आणि मगच सही करतो. पाकिटाचे सील शाबूत असल्याचे दोन विद्यार्थ्यांना दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन ते वर्गातच उघडले जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला साक्षीदार म्हणून सही करायला सांगणे ही लहान गोष्ट नाही. पाकीट आपल्यासमोर उघडले, पेपर आधी कुणी पाहिलेला नाही, हा भरवसा त्या सहीने साऱ्या वर्गाला मिळतो. घाईत कोऱ्या जागेवर सह्या आधीच घेऊन ठेवणारा हा भरवसाच मोडतो.

पूर्वी प्रश्नपत्रिका वाचनासाठी दहा मिनिटे आधी मिळे. २०२३ पासून ती ठरल्या वेळेलाच देतात आणि दहा मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. त्यामुळे तीन तासांचा पेपर अकराला सुरू होऊन दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. ही दहा मिनिटे मुलांची आहेत; दोन वाजताच ‘आवरा आवरा’ सुरू करणे म्हणजे ती हिरावून घेणे होय.

सोलापुरात या कामाला भाषेची एक बाजू आहे. शहरात उर्दू माध्यमाच्या, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलली जाते. कन्नड माध्यमाच्या मुलीने उभे राहून काही विचारले आणि पर्यवेक्षकाला ते कळले नाही, तर ‘बस खाली’ हे उत्तर नव्हे. तिला माध्यम बदललेली प्रश्नपत्रिका आली असेल, एखादे पान कोरे असेल. कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याला किंवा शिपायाला बोलावून नेमकी अडचण समजून घेणे आणि केंद्रसंचालकाला कळवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. प्रश्नाचा अर्थ मात्र कोणत्याही भाषेत सांगायचा नाही. म्हणूनच त्या दिवशी ज्या विषयाचा पेपर असतो, त्या विषयाच्या शिक्षकाला पर्यवेक्षण देत नाहीत.

दुसरी बाजू उन्हाची. मार्चमध्ये इथे दुपारी पत्र्याखालचा वर्ग तापतो, पंखा बंद पडला की घामाने उत्तरपत्रिका हाताला चिकटते. पाण्याची सोय, उन्हाच्या तिरिपेत आलेला बाक सरकवणे, चक्कर आलेल्या मुलाला वेळेत बाहेर नेणे हेही पर्यवेक्षणच.

गैरप्रकारांसाठी १९८२ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. परीक्षेच्या काळात केंद्राभोवती प्रतिबंधात्मक आदेश लागू होतात, जवळची झेरॉक्स दुकाने बंद ठेवली जातात, भरारी पथके फिरतात, काही केंद्रांवर पूर्ण वेळ तिथेच थांबणारे बैठे पथक नेमतात. भरारी पथक आले की दहा मिनिटे सगळे कडक होते. पण पथक जाते आणि पर्यवेक्षक उरलेले दोन-अडीच तास तिथेच असतो. अनुभवी शिक्षक वर्गाच्या मागच्या बाजूला उभे राहतात, कारण आपल्यावर नजर कुठून आहे हे न कळणारे मूल आपल्या पेपरात डोके घालते. मोबाइल बघत बसलेला पर्यवेक्षक कॉपीला मूक संमती देतो. तेवढेच वाईट म्हणजे एकाच मुलामागे संशयाने उभे राहणे. त्याचा हात थरथरू लागतो आणि येत असलेले उत्तरही जाते. चिठ्ठी सापडलीच, तर आरडाओरडा न करता ती ताब्यात घेऊन केंद्रसंचालकाकडे द्यावी आणि रीतसर गैरमार्ग प्रकरण नोंदवावे. वर्गासमोर अपमान करण्याचा अधिकार कोणताही नियम देत नाही.

दिव्यांग परीक्षार्थींना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो आणि सांगितले तेवढेच लिहितो. या दोघांचे बोलणे इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांची बैठक वेगळी ठेवतात.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मुले याहून लहान असतात. तिथे उत्तरे गोल रंगवून द्यायची असतात आणि पेनाने रंगवलेला गोल बदलता येत नाही. प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या संचांत असतात; आपल्या संचाचा गोल चुकीचा रंगवला तर साऱ्या उत्तरांवर पाणी पडते. म्हणून पेपर सुरू होताच प्रत्येक बाकावर जाऊन संच आणि क्रमांक तपासावे लागतात.

शेवटची घंटा झाल्यावर मुलांना जागेवरच बसवून ठेवतात. पुरवण्या मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधल्या का, भूगोलाच्या पेपरला नकाशा जोडला का, हे पाहिले जाते. उत्तरपत्रिका क्रमाने गोळा होतात, हजेरीशी जुळवल्या जातात, गैरहजर क्रमांक लाल शाईने नोंदवले जातात. पंचवीस बाकांचा हिशेब पूर्ण लागल्यावरच वर्गाचे दार उघडते.