पात्यावरचे नाव कोणाचे? घडवणाऱ्याचे की बाळगणाऱ्याचे?

जुन्या इस्लामी तलवारीच्या पात्यावर अरबी लिपीत नाव दिसले की ते कारागिराचे मानले जाते आणि त्याचे गाव तेच तलवारीचे गाव ठरते. पण नावे दोन प्रकारची असतात. ती वेगळी काढल्याशिवाय तलवार कुठली हे सांगण्याची घाई करू नये.

उस्मानी तुर्कांच्या यातागानवर, म्हणजे त्यांच्या आखूड बाकदार तलवारीवर, हे काम सोपे. 'अमल' या शब्दाला जोडून येते ते नाव घडवणाऱ्याचे, 'साहिब' शब्दासोबतचे मालकाचे. पुष्कळदा दोन्ही एकाच पात्यावर सोन्याचांदीच्या तारेने जडवलेली असतात आणि जवळच हिजरी साल असते. 1220 असेल तर इ.स. 1805-06.

इराणी समशेर, म्हणजे तिकडची बाकदार तलवार, मात्र फसवते. 'अमल-ए असदुल्ला इस्फहानी' ही सही इराणचा बादशहा शाह अब्बास पहिला (1588–1629) याच्या काळाशी जोडली जाते, पण ती त्याच्या कितीतरी नंतरच्या पात्यांवरही आढळते, हिंदुस्थानात घडलेल्यांवरसुद्धा. एवढी पाती एका माणसाच्या हातची असणे शक्यच नाही. नाव प्रतिष्ठेचे झाले, म्हणून ते कोरले जात राहिले. शेजारच्या चौकटीत 'बंदा-ए शाह-ए विलायत अब्बास' असते, तेही मालकाचे नाव नव्हे. अब्बास स्वतःला हजरत अलींचा सेवक म्हणवत असे, त्याचे ते बिरुद. सहीपेक्षा पात्याचा बाक, पोलादातले जौहर (पृष्ठभागावर दिसणारी लहरींसारखी नक्षी) आणि अक्षरांची सफाई यांवर मी जास्त भिस्त ठेवतो.

मालकीची खूण किती वेगळी असू शकते, हे आपल्या दख्खनच्या शस्त्रांवर दिसते. 1689 च्या सुमारास दख्खनमधला अदोनीचा किल्ला मुघलांच्या हाती पडला, तेव्हा बिकानेरचे महाराजा अनूपसिंह त्यांच्या बाजूने लढत होते. तिथली शस्त्रे बिकानेरच्या शिलेखान्यात (शस्त्रागारात) गेली आणि त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नागरी अक्षरे ठोकली गेली. मराठी वाचकाला ती अक्षरे लावता येतात, हा केवढा आनंद! पण ती शिलेखान्याची नोंद आहे. तिच्यावरून शस्त्र राजस्थानी ठरवले, तर दख्खनी कारागिराचे श्रेय बुडते.

कुराणातल्या विजयाच्या आयती सगळीकडेच असतात, त्यांवरून प्रदेश कळत नाही. अंकांचा थोडा उपयोग होतो. इराणी लेखनात 4, 5 आणि 6 यांची वळणे अरबी अंकांहून निराळी असतात. मात्र हिंदुस्थानातही दरबारी लेखन फारसीतच चाले, त्यामुळे त्या वळणाचे साल दिसले तरी पाते इराणचेच असे म्हणता येत नाही.