एएमसी आहे म्हणजे डेटा सुरक्षित?

'कॉम्प्युटरची एएमसी (वार्षिक देखभाल करार) केली की डेटाची काळजी पुरवठादाराची', असं छोट्या व्यवसायांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. वार्षिक पैसे भरल्यावर असं वाटणं साहजिकच आहे. प्रत्यक्षात साध्या एएमसीत फक्त दुरुस्तीची मजुरी असते, कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये सुटे भागही येतात. हार्ड डिस्क गेली तर नवी मिळेल, पण कोरी! डेटाबद्दल करारात बहुधा एकच ओळ असते: 'डेटा नष्ट झाल्यास जबाबदारी ग्राहकाची.' ती आधी शोधा.

मग करार करण्यापूर्वीच विचारा: बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी, कुठे? त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवरची प्रत बॅकअप नव्हे, कारण बऱ्याचदा सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतात. कायम लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) लॉक करू शकतं. काम झालं की ती काढून ठेवावी.

'बॅकअप चालू आहे' या तोंडी उत्तरावर थांबू नका, समोर रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून, दाखवायला सांगा. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट+वाय दाबून रिस्टोअर निवडा. मात्र डेस्टिनेशन म्हणून वेगळं, रिकामं फोल्डर द्या, नाहीतर चालू डेटावरच जुना डेटा बसेल. मग रिस्टोअर झालेली कंपनी टॅलीत उघडून शेवटच्या व्हाउचरची (व्यवहाराच्या नोंदीची) तारीख बघा. तारीख तीन महिन्यांपूर्वीची निघाली, तर बॅकअप तेव्हाच बंद पडलाय. ही चाचणी दर तिमाहीला करारातच लिहून घ्या. जो पुरवठादार यावर आढेवेढे घेतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडतो.