बुटकेपणाचं भौतिकशास्त्र

जपानची ज्युदोपटू रियोको तामुरा हिची उंची १४६ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना अडीच इंच कमी. महिलांच्या सर्वांत हलक्या, ४८ किलोच्या गटात ती खेळायची. १९९२ ते २००८ या काळात तिने लागोपाठ पाच ऑलिंपिकमध्ये पदकं मिळवली आणि सात वेळा जगज्जेतेपद जिंकलं. ‘एवढीशी असूनही’ हे शब्द तिच्या कौतुकात हमखास यायचे. त्यातला ‘असूनही’ मला खटकतो. तिचा हुकमी डाव नीट पाहिला, तर उंची आड येत नव्हती, उलट कामाला येत होती.

तो डाव म्हणजे सेओई-नागे. कुस्तीतली धोबीपछाड आठवा: प्रतिस्पर्ध्याचा हात धरायचा, गर्रकन वळून त्याच्याकडे पाठ करायची आणि त्याला खांद्यावरून पुढे आपटायचं. ताकदीचा वाटणारा हा डाव खरं तर तोल बिघडवण्याचा आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली असतो. तिथून सोडलेला ओळंबा दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. ज्युदोपटू आधी बाही आणि गळपट्टी धरून खेचतो आणि ओळंब्याची ही रेषा समोरच्याच्या बोटांपुढे नेतो. याला कुझुशी म्हणतात. कुझुशी साधली की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं तरफेचं. फेकणाऱ्याची कंबर हा टेकू. तो समोरच्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली गेला, तरच ते शरीर त्यावरून उलटतं. उंच खेळाडूला त्यासाठी गुडघे खोल वाकवावे लागतात आणि तेवढ्या अवधीत समोरचा सावध होतो. तामुराला फारसं वाकावंच लागत नसे. तिची कंबर मुळातच तिथे असायची!

मग ती हरली कशी? महिला ज्युदोला ऑलिंपिकमध्ये अधिकृत स्थान मिळालं ते १९९२ साली, बार्सिलोनात. तिथे अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाकने तिला हरवलं. चार वर्षांनी अटलांटात तिचं सुवर्ण जपानने गृहीतच धरलं होतं, पण उत्तर कोरियाची अवघ्या सोळा वर्षांची के सुन-हुई जिंकली. हुकमी डाव माहीत झाला की त्यावरचा तोडगाही शोधला जातो. कंबर मागे ठेवायची, बाही धरू द्यायची नाही, की टेकूला जागाच मिळत नाही.

२००० साली सिडनीत तिने सुवर्ण जिंकलं ते उचि-माताने, आणि अंतिम लढतीला मिनिटभरही लागलं नाही. हा डाव वेगळ्या जातीचा. ज्युदोतल्या फेकींची तरफ आणि बलयुग्म अशी विभागणी इटलीचे जैवयांत्रिकीतज्ज्ञ अत्तिलिओ साक्रिपांती यांनी केली आहे. उचि-माता बलयुग्मातला: हात समोरच्याचं धड पुढे ओढतात आणि त्याच क्षणी पाय त्याची मांडी आतून मागे-वर उडवतो. दोन विरुद्ध दिशांची बलं, आणि शरीर स्वतःच्याच गुरुत्वमध्याभोवती फिरतं. इथे कमरेचा टेकू लागत नाही, त्यामुळे बुटकेपणाचा तो फायदाही नाही. तरी तिने तो डाव साधला. माझ्या मते तिची खरी थोरवी इथे दिसते.

२००३ मध्ये बेसबॉलपटू योशितोमो तानी याच्याशी लग्न झालं आणि ती रियोको तानी झाली. २००४ला अथेन्समध्ये पुन्हा सुवर्ण. मुलगा झाल्यानंतर, २००७ मध्ये, सातवं जगज्जेतेपद.

बीजिंगच्या उपांत्य फेरीत तिला कुणी फेकलं नाही. रुमानियाच्या अलिना दुमित्रूने पकडच जमू दिली नाही आणि अखेरीस आक्रमण न केल्याचा दंड तानीला बसला. कुझुशीची सुरुवात पकडीतून होते. पकड नाही तर ओढ नाही, आणि ओढ नाही तर ओळंबा जागचा हलत नाही. दुमित्रू पुढे सुवर्ण जिंकली. तानीने कांस्यपदकाची लढत इप्पोनने, म्हणजे पूर्ण गुणाने, मारली. २०१० मध्ये ती जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेली आणि त्याच वर्षी तिने ज्युदोतून निवृत्ती जाहीर केली.