कर्करोगाचे निदान व उपचारखर्च (ठाणे–नवी मुंबई)

कर्करोगाचे निदान झाल्यापासून घरावर पडणारा पैशांचा भार. रुग्णालयाचे बिल हा त्याचा एक भाग. तपासण्या, बाहेरून आणायची औषधे, रोजचे येणे-जाणे आणि बुडणारा पगार हा दुसरा. तो कोणत्याही योजनेत पुरता बसत नाही. ठाणे–नवी मुंबईकरांना परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) आणि त्याच संस्थेचे खारघर, सेक्टर २२ येथील कर्करोग उपचार व संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक जवळ पडते. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. कर्करुग्णाला लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. उपचारांचे कागद जवळ ठेवावेत.

पक्के निदान बायोप्सीने, म्हणजे संशयित भागाचा छोटा तुकडा काढून तपासल्याने, होते. काढलेला तुकडा मेणात बसवून ‘ब्लॉक’ करतात आणि त्याचे पातळ काप काचेवर घेतात. रुग्णालय बदलले की तेथील पॅथॉलॉजिस्ट बहुधा याच स्लाइड पुन्हा पाहतात, म्हणून छापील रिपोर्टवर न थांबता ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्याव्यात. ब्लॉक हरवला तर पुन्हा बायोप्सी करण्याची वेळ येऊ शकते. सीटी किंवा पेट-सीटीची सीडी नसेल, तर नुसत्या कागदावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही आणि तोच महागडा स्कॅन दुसऱ्यांदा करावा लागतो.

बहुतेक घरांचा हिशेब पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कोलमडतो. घाबरून जवळच्या रुग्णालयात डिपॉझिट भरले जाते, शस्त्रक्रिया उरकते, आणि केमो व रेडिएशन सुरू होईपर्यंत मोडायला दागिनेही उरत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ती कॅशलेस असून पॅकेजला पूर्वमंजुरी लागते. स्वतः आधी भरलेले पैसे ती परत करत नाही. त्यामुळे डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या प्रतिनिधीला) गाठावे आणि दोन प्रश्न विचारावेत: रुग्णालय योजनेत आहे का, आणि कर्करोगासाठी आहे का? दुसरा प्रश्न विसरू नये. रुग्णालय यादीत असते, पण हृदयरोगासाठी किंवा हाडांसाठी. हेल्पलाइन १५५३८८. रेशनकार्ड गावाकडचे असले तरी चालते; नाव आधारशी जुळत नसेल तर मात्र मंजुरी अडते, म्हणून ती दुरुस्ती पहिल्याच दिवशी हाती घ्यावी.

उत्पन्नाचा दाखला जवळजवळ प्रत्येक मदतीला लागतो आणि येथे नवी मुंबईकरांची हमखास चुकामूक होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडच्या पनवेल तालुक्यात येतो. अर्ज त्या त्या तहसीलकडेच करावा लागतो.

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. काउंटरवर हे आपणहून सांगितले जाईलच असे नाही. तेथील वैद्यकीय समाजसेवकांना विचारावे. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते आणि मदत रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. झालेल्या खर्चाची भरपाई येथेही नाही.

खासगी विम्यात सर्वाधिक फटका खोलीभाड्याच्या मर्यादेने बसतो. पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपये भाडे मान्य असताना १०,००० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मंजूर होतात. वरचे पैसे वाचवायचे तर मर्यादेतलीच खोली मागावी.

ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) विमाधारक कामगाराची किमान दोन वर्षांची नोकरी आणि पुरेसे अंशदान असेल, तर कर्करोगासाठी विस्तारित आजारपण लाभात ८० टक्के वेतन मिळू शकते. नोकरी सोडण्याआधी हे तपासावे. घाईत दिलेला राजीनामा ही उत्पन्नाची शेवटची वाटही बंद करतो.

पैशाअभावी केमोची सायकल (ठरलेली फेरी) चुकणार असे दिसताच, तारीख उलटण्याआधी, डॉक्टर व समाजसेवकांना सांगावे. रेडिएशन साधारणपणे आठवड्याचे पाच दिवस असते आणि मध्ये खंड पडला तर परिणाम घटतो. जेनेरिक औषध चालेल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नये. केमोनंतर बऱ्याच औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. या काळात ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. अशा अचानक भरतीचे डिपॉझिट आणि रात्रीच्या टॅक्सीचे भाडे वेगळ्या पाकिटात, फाइलीसोबतच ठेवलेले असावे.