थुंकीत जंतू दिसले म्हणजे टीबीच?

‘थुंकीच्या तपासणीत जंतू दिसले की टीबी पक्का,’ असं दगडखाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बहुतेकदा ते खरंही ठरतं, कारण सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) झालेल्यांना टीबीचा धोका खरोखरच जास्त असतो. पण नेहमी नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी लाल काडी टीबीच्या जंतूची असू शकते, तशी त्याच्या पाण्यात-मातीत राहणाऱ्या भाऊबंदांचीही. त्यातला ‘मायकोबॅक्टेरियम कान्सासी’ दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत आढळला आहे. एक्स-रेवरून फरक कळणं अवघड; सिलिकोसिसचे डाग तिथे आधीच असतात.

मग ओळखायचं कसं? सीबीनॅट चाचणी फक्त टीबीच्या जंतूची जनुकं शोधते. थुंकीत जंतू भरपूर, पण सीबीनॅट निगेटिव्ह, असं असेल तर कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, जंतूची जात ओळखून घ्यावी लागते. त्याला ६ ते ८ आठवडेही लागतात. शिवाय टीबीचे हे भाऊबंद नळाच्या पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतात, म्हणून साधारणपणे थुंकीच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तोच जंतू सापडावा लागतो. आपल्या रिपोर्टवर नेमकी कुठली तपासणी लिहिली आहे ते पाहा, डॉक्टरांना विचारा. तोवर सुरू असलेल्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.